आई-बाबा, यंदा गणपतीला येणं होणार नाही

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर सांगायला तीनदा सुरुवात केली आणि तीनही वेळा आईने मधेच विचारलं जेवलीस का, मग राहूनच गेलं. म्हणून लिहितेय. बाबा, तुम्ही आईला वाचून दाखवा, डोळ्याचे ड्रॉप चालू आहेत तोवर तिने मोबाईलकडे बघायचं नाहीये.

मी ऑफिसची नोकरी सोडली. आत्ता नाही, वर्ष होऊन गेलं. मी साईटवर आहे म्हणायचे ते खोटं नव्हतं, पण साईटवर मी एस्टिमेटची फाईल घेऊन उभी नसायचे, घराखाली रांगत असायचे. हे लपवलं याचं वाईट वाटतंय, रागवा, चालेल. लायसन्स हातात पडल्याशिवाय सांगायचं नाही असं ठरवलं होतं आणि ते परवा आलं.

काम असं की इथे साऊथ डकोटात बरीच घरं फॅक्टरीत बनतात, स्टीलच्या चॅसिसवर, मोठं घर असेल तर दोन अर्धे भाग ट्रकने येतात आणि जागेवर जोडायचे. त्याला मॅन्युफॅक्चर्ड होम म्हणतात. फॅक्टरीतल्या कामाला १९७६ पासून इथल्या केंद्र सरकारचा कोड, म्हणजे नियमावली आहे, पण घर जागेवर बसवायचं कसं आणि बसवणाऱ्याला काय यायला पाहिजे याचा कायदा २००० साली झाला आणि नियम हातात यायला पुढे २००७-०८ उजाडलं. ज्या राज्यांचा स्वतःचा कार्यक्रम नाही तिथे हड, म्हणजे इथलं गृहनिर्माण खातं, लायसन्स देतं. माझं त्यांचंच आहे. १२ तासांचं ट्रेनिंग, परीक्षा, आणि आपल्या हातून घराचं नुकसान झालं तर भरून देण्यासाठी बाँड किंवा इन्शुरन्स. बाबा, १२ तास ऐकून तुम्ही हसाल, मलाही ते कमीच वाटतात. पण त्याआधी अनुभव लागतो, घरं बसवण्याचाच असेल तर १,८०० तास. तेच तास मी लायसन्सवाल्या माणसाच्या हाताखाली काढले. आणि दर तीन वर्षांनी परत ८ तास शिकून रिन्यू करायचं. माझ्या हाताखालच्या पोराने चूक केली तरी जबाबदार मीच.

एवढं शिकून हे काय, असं आईच्या मनात येणार. आई, तीन जूनचं वादळ आठव. चार दिवस तुमचा फोन लागत नव्हता, मी इथे वेड्यासारखी नंबर फिरवत होते. आपले पडवीचे पत्रे सुपारीच्या बागेत सापडले. बाबा तेव्हा म्हणालात की पत्रे चांगलेच होते, त्या माणसाने हुकच कमी मारले. ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलंच नाही. त्याला काय येतं हे आपण विचारलंच नव्हतं, कोण विचारतं? इथे मी मातीची टेस्ट केल्याशिवाय अँकर, म्हणजे जमिनीत रोवून पट्ट्याने घराला बांधायचे ते, ठरवत नाही, एकेका अँकरने ४,७२५ पौंड म्हणजे २,१०० किलोच्या वर ताण सोसायला हवा, पट्टे गंजणारे चालत नाहीत, पाया थंडीत जमीन गोठते त्याच्या खाली न्यायचा नाहीतर बर्फ घराला उचलून वाकडं करतो. आत लोक झोपतात हो, म्हाताऱ्या बायका एकट्या राहतात. मला हे काम आवडतं, मनापासून आवडतं.

बाबा, एक सांगू, घर लेव्हल करायला मी अजूनही पाण्याचा पाईपच वापरते. पडवीची भिंत घालताना एक टोक तुमच्याकडे, एक माझ्याकडे, माझे हात भरून आले तरी तुम्ही म्हणायचात "हलवू नको, पाणी थांबू दे". पहिल्या घराला मी पाईप धरला तेव्हा रडूच आलं, ते मी कुणाला सांगितलं नाही.

आता मेन गोष्ट. जमीन गोठायच्या आत सगळी कामं उरकायची असतात म्हणून गणपतीला येता येणार नाही. दादाला सांगितलंय, मखराची लाईट तो लावेल, उकडीचे मोदक वहिनी करेल, आईने फक्त खुर्चीवर बसून कळ्या बघायच्या. मी जानेवारीत येते ती शिमगा करूनच परत. यायचं नाही असं नाही, फक्त महिना बदलला.

आणि माझी काळजी करू नका. गुडघ्याला पॅड असतात, हेल्मेट असतं, जॅक लावलेल्या घराखाली आधाराचे लाकडी ठोकळे रचल्याशिवाय मी जातच नाही. डब्यात पोळीभाजी, थर्मासात चहा. आईने दिलेली आमसुलं अजून आहेत, रोज सार करते. हात थोडे खरखरीत झालेत, खोबरेल लावते.

बाबा, कौलं चाळायला यंदा माणूस बोलवा. तुम्ही शिडीवर चढायचं नाही, म्हणजे नाहीच, पैसे मी दादाकडे पाठवलेत. बीपीची गोळी सकाळी चहाच्या आधी, आठवलं की नाही. आई, डोळ्याला पाणी लागू देऊ नकोस आणि चुलीपुढे बसू नकोस, गॅस कशाला घेतलाय.

रविवारी रात्री फोन करते. रागावला असलात तरी उचला.

तुमची,
धाकटी