पाटल्या अजून थोडे दिवस राहू देत

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू गहाण ठेवलेल्या पाटल्यांचं विचारलंस आणि मी विषय बदलला. तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. समोर बसून सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून लिहितोय.

धंद्यावर चार ठिकाणचं कर्ज झालं होतं. पतसंस्थेचे 2 लाख 60 हजार, एका फायनान्स कंपनीचे 3 लाख 40 हजार, मोबाइलवरून घेतलेले 1 लाख 20 हजार आणि क्रेडिट कार्डाचे 80 हजार. बाबा, उधळपट्टी केली नाही. शिरोली एमआयडीसीत जॉबवर्क भरपूर आहे, पण कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, मशिनिंग करून दिलं की पार्टी पैसे द्यायला तीन-तीन महिने लावते. लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत असा कायदा आहे. तो दाखवायला गेलं की पुढची ऑर्डर जाते. पोरांचे पगार आणि लाइटबिल मात्र थांबत नाही. मग एकाचा हप्ता भरायला दुसऱ्याकडून उचल. शॉपमधल्या कॅलेंडरवर 3, 5, 10 आणि 18 तारखेला मी लाल गोल केले होते. 2 तारखेच्या रात्री खात्यात किती आहेत ते पुन्हा पुन्हा बघायचो. महिन्याला साडेछत्तीस हजार नुसते हप्त्यांना जायचे. कार्डाचं व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला 42. फायनान्स कंपनीने 12 टक्के सांगितले होते, पण ते ‘फ्लॅट’ निघाले. फिटलेल्या मुद्दलावरही व्याज चालूच! तीन वर्षांच्या कर्जाला ते खरं 21 टक्क्यांच्या पुढे जातं. हे मला सही करण्याआधी कळायला हवं होतं.

आता बँकेने 8 लाखांचं एकच कर्ज दिलंय, 12 टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. पैसे माझ्या हाती न देता बँकेने परस्पर चारही खाती भागवली. फायनान्स कंपनीने मुदतीआधी फेडल्याचे 16 हजार घेतले, ते मी खिशातून भरले. नवा हप्ता 17,796 आहे. मुदत लांबल्यामुळे तो एवढा कमी दिसतो. तसाच भरत राहिलो तर व्याजच 2 लाख 68 हजार होईल. म्हणून दरमहा 24 हजार भरायचं ठरवलंय; मग 41 महिन्यांत फिटेल आणि जवळजवळ 90 हजार वाचतील.

बँकेने आधी घराचा उतारा मागितला होता. मी नाही म्हणालो. सीएनसी मशीनचं कर्ज गेल्या वर्षीच फिटलंय, ते मशीन नजरगहाण दिलं, म्हणजे मशीन शॉपमध्येच राहतं, बोजा तेवढा बँकेचा. बाबा, तुम्ही बांधलेल्या घरावर कसलाही बोजा चढलेला नाही.

आई, आता तुझ्या पाटल्या. साबण लावून काढल्या होत्यास, मनगट लाल झालं होतं. ते मनगट अजून डोळ्यांसमोर आहे. या कर्जातून आधी त्याच सोडवाव्यात असं फार वाटलं. पण सोनेतारणाचं व्याज साडेनऊ टक्के आहे. बारा टक्क्यांचे पैसे काढून ते फेडलं तर तोटाच. त्याचं व्याज मी वेळेवर भरतोय, पावत्या जपून ठेवल्यात. पार्टीकडे अडकलेले पैसे आले की सगळ्यांत आधी पाटल्या सोडवणार.

आणि बाबा, ओढ्याकाठचं रान विकायचं काकांशी चाललेलं बोलणं थांबवा. रविवारी सकाळच्या एसटीने गडहिंग्लजला येतोय. मंजुरीपत्र, चारही ठिकाणची नो ड्यूजची पत्रं, सगळे कागद आणतो. तुम्ही स्वतः वाचून बघा.

तुमचा,
दादा