फोटो झकास, पण वाऱ्याचं काय?

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या रॉकी माउंटन नॅशनल पार्कवरचा लेख वाचला, फोटो झकास आहेत, पण "ट्रेल रिज रोडवर गाडी थांबवा आणि मस्त भटका" असं एका ओळीत उरकलंय ते काही पटलं नाही, म्हणून लिहितोय. गेल्या जुलैत मुलाकडे डेन्व्हरला होतो तेव्हा कॉलेजच्या मित्राबरोबर त्याच रस्त्यावरून निघणाऱ्या यूट ट्रेल नावाच्या पायवाटेवर गेलो होतो.

सुरुवातच ११ हजार ४०० फुटांवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून जास्त. वर झाडच नाही, शेवटची झाडं खाली दिसतात ती पण कमरेएवढी, वाऱ्याने एका बाजूच्या फांद्याच गायब. शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागत होतं. मित्राची कॅप दहा मिनिटांत गेली ती गेलीच. मी माकडटोपी काढली तेव्हा हा पार्किंगमध्ये पोट धरून हसला होता, तासाभराने म्हणतो, "अरे जरा दे ना तुझी ती." मग काय, पुढे आलटून पालटून घातली.

पायाशी मॉस कँपियन या फुलझाडाच्या गुलाबी गाद्या, उंची जेमतेम दोन बोटं. तिला फूल धरायलाच दहा वर्षं लागू शकतात, आणि तुमच्या एका फोटोत कोणीतरी तसल्याच गादीवर मांडी ठोकून बसलंय! पायवाट सोडायची नाही, सोडावीच लागली तर दगडावर पाय ठेवायचा, हे तिथे सगळ्यांना सांगतात.

पण माझी खरी तक्रार विजांबद्दल आहे. उन्हाळ्यात तिथे दुपारी ढग भरून येतात, उघड्यावर सगळ्यात उंच आपणच, म्हणून बाराच्या आत खाली उतरायचं असतं. हे आम्हाला माहीत होतं हं, तरी पायका बघत बसलो (सशाचा मुठीएवढा चुलतभाऊ, तोंडात गवताची जुडी घेऊन दगडांत पळतो, थंडीची बेगमी) आणि घड्याळ बघतो तर पावणेएक. पहिला गडगडाट झाला आणि दोन साठीचे म्हातारे गुडघे विसरून जे सुटले ते गाडीपाशीच थांबले. दार लावलं न लावलं तोच टपावर गारा.

तेव्हा पुढच्या रविवारी छोटी चौकट तरी टाका, वारा, विजा, बाराची वेळ एवढंच. लेख वाचून आमच्या सोसायटीतले एक जण ऑक्टोबरअखेरची तिकिटं बघतायत, त्यांना मी सांगितलंय की ट्रेल रिज रोड साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून बर्फामुळे बंद असतो, पण ते म्हणतात पेपरात तसं काही नव्हतं.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे