भाड्यानं राहणाऱ्या पोरांच्या सामानाचा विमा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोल्हापुरात शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला आमचं घर आहे, तळमजला गेली बरीच वर्षं कॉलेजच्या पोरांना भाड्यानं देतोय. जुलै 2021 च्या पुरात खाली कमरेच्या वर पाणी. पोरं अंगावरच्या कपड्यांनिशी वर आमच्याकडं आली, लॅपटॉप, गाद्या, पुस्तकं सगळं खालीच राहिलं. त्यातला एक गारगोटीकडचा, वडलांनी उसाच्या बिलातनं लॅपटॉप घेऊन दिलेला, पाणी उतरल्यावर तीन दिवस तो लॅपटॉप पंख्याखाली धरून सारखं बटण दाबून बघत होता.

माझ्या घराची पॉलिसी होती, होम लोनच्या वेळी काढलेली, मला वाटलं यातच पोरांचंही भागेल. सर्व्हेअर आला, भिंती बघितल्या, वायरिंग बघितलं आणि पोरांच्या सामानाकडं बघून म्हणाला, हे तुमचं नाही ना, मग यात येत नाही. नियमानं बरोबरच होतं त्याचं, पण मला हे तोवर ठाऊकच नव्हतं, पोरांच्या आईवडलांना तर कुठनं असणार.

नंतर चौकशी केली तर कळलं, 1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' नावाची सगळ्या कंपन्यांची एकसारखी पॉलिसी आलीय आणि भाडेकरूला त्यात इमारत सोडून फक्त आतल्या सामानाचा विमा घेता येतो, आग, पूर, वादळ, भूकंप सगळं येतं. म्हणजे आमच्याकडं पाणी शिरलं तेव्हा ती होती, फक्त आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं. लाखभराच्या सामानाचा वर्षाचा प्रीमियम मेसच्या एका महिन्याच्या पैशापेक्षा कमी बसतो. चोरीचं मात्र नीट विचारून घ्या, आग-पुरासारखं काही झाल्यावर 7 दिवसांच्या आत चोरी झाली तरच यात धरतात, एरवी कुणी कुलूप तोडून लॅपटॉप नेला तर घरफोडीचं कव्हर वेगळं लागतं. रूम बदलली की कंपनीला नवा पत्ता कळवायचा. आणि बिलं, फोटो मेलवर टाकून ठेवा, आमच्या पोरांची बिलंसुद्धा पाण्यातच गेली.

बाहेरगावच्या पोरांची राहायची सोय व्हावी म्हणून शाहू महाराजांनी 1901 पासून बोर्डिंगं काढली ते हे गाव, इथं शिकायला आलेल्या पोराचं वर्षाच्या मध्यात असं होऊ नये. कॉलेजांनी अॅडमिशनच्या वेळी एवढी माहिती द्यावी, विमा कंपन्यांनी रक्कम बारकी म्हणून पोरांना टाळू नये, आणि आपण घरमालकांनी अॅग्रीमेंट नुसतं बाँडवर न उरकता रजिस्टर करावं (कायद्यानं ती जबाबदारी आपलीच आहे) म्हणजे पोरांकडंही पत्त्याचा पक्का कागद राहतो. पंचगंगा 39 फुटांवर, म्हणजे इशारा पातळीवर गेल्यावर धावपळ करून काय होणार?

यंदा जूनमध्ये नवीन पोरं येतील, त्यांच्या सामानाचा पहिल्या वर्षाचा प्रीमियम मीच भरणार आहे, पॉलिसी त्यांच्या नावावर.

आपला,
एक घरमालक, शाहूपुरी, कोल्हापूर