सागर, एजंटला पैसे द्यायच्या आधी हे वाच

प्रिय सागर,

तुझा मोठा मेसेज नीट वाचला. फोनवर बोलता आलं असतं पण मुद्दाम लिहून पाठवतोय, कारण हे वहिनींनीही वाचावं असं मला मनापासून वाटतं. तुम्ही जर्मनीचं खरंच मनावर घेतलंय हे वाचून इतकं बरं वाटलं की काय सांगू. फक्त तो एजंट "अपॉर्च्युनिटी कार्ड घ्या, पटकन होतं, अडीच लाखात सगळं करून देतो" म्हणतोय ना, तिथे जरा थांब.

ते कार्ड नेमकं काय आहे ते आधी बघ. इथे त्याला शान्सेनकार्टे म्हणतात, जून 2024 पासून सुरू झालंय. हातात ऑफर नसताना इथे यायचं आणि जास्तीत जास्त एक वर्ष राहून नोकरी शोधायची, त्याची ती परवानगी. त्या वर्षात आठवड्याला 20 तास काम करता येतं, एखाद्या कंपनीत दोन आठवडे ट्रायलवरही जाता येतं. 6 पॉइंट लागतात आणि तुझे ते होतात, मी मोजून बघितले. गेल्या सात वर्षांतल्या पाच वर्षांच्या अनुभवाचे 3, वय 35 ते 40 मध्ये म्हणून 1, इंजिनियर इथे टंचाईच्या यादीत (म्हणजे ज्या कामांना माणसं कमी पडतात) आहेत त्याचा 1 आणि इंग्रजी सी-वन लेव्हलचं, म्हणजे बरंच वरच्या पातळीचं दाखवलंस तर 1. पण तुझी डिग्री इथे पूर्ण मान्य असेल तर पॉइंट मोजायचीच गरज नाही, हे एजंटने तुला सांगितलं का? अनाबिन नावाचा सरकारी डेटाबेस आहे, फुकट बघता येतो, त्यात तुझ्या युनिव्हर्सिटीपुढे एच-प्लस, म्हणजे मान्यतेची खूण आहे का आणि तुझी डिग्री बरोबरीची धरलीय का हे दोन्ही तपास आणि त्या पानांची प्रिंट काढून ठेव. नोंद सापडली नाही तर झेडएबी म्हणून ऑफिस आहे, ते 208 युरोत सर्टिफिकेट देतं. व्हिसाची फी 75 युरो. आता अडीच लाख कशाचे ते तूच त्याला विचार.

आणि पैसा तेवढ्यावर थांबत नाही. नोकरी नसताना यायचं म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट आलं, खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचे आणि दर महिन्याला ठरावीकच काढता येणारं खातं, 2025 च्या हिशोबाने महिन्याला 1,091 युरो, वर्षाचे 13,092, म्हणजे 13 लाखांच्या आसपास रक्कम आधी गुंतवायची, शिवाय इन्शुरन्स स्वतःचा. ही रक्कम तू उभी करशील, मला माहितीये, पण वहिनी आणि ओवीचं काय? या कार्डावर बायको-मुलांना साधारणपणे आणता येत नाही, कारण परवानगीच मुळात वर्षाची आहे. तू इथे एका खोलीत बसून अर्ज पाठवत राहणार आणि तिथे वहिनी हॉस्पिटलच्या शिफ्ट, ओवीची शाळा, काकांची तब्येत सगळं एकटीने बघणार. पंचविशीतल्या मुलाने घेतलं हे कार्ड तर मी त्याला जा म्हणेन. तुला नाही म्हणणार.

त्यात तुझी लाइन ऑटोमोबाइलची. स्टुटगार्टच्या आजूबाजूला सध्या काय चाललंय ते तुला बातम्यांतून कळतच असेल, बॉशने सप्टेंबर 2025 मध्ये आणखी 13,000 नोकऱ्या कमी करणार म्हणून जाहीर केलं, झेडएफने त्याआधीच 14,000 पर्यंतचा आकडा सांगितला होता. लोक घेतच नाहीत असं नाही, बॅटरी, सॉफ्टवेअर, टेस्टिंग, रेल्वे, मेडिकल मशिनरी इथे अजून जागा निघतात, पण शोधायला वेळ लागतो. तो वेळ चाकणमध्ये पगार चालू असताना घालवलेला बरा की इथे साठवलेले पैसे खात आणि कार्डावरची तारीख बघत?

म्हणून माझं म्हणणं, नोकरी तिथूनच शोध आणि ईयू ब्लू कार्डवर ये, म्हणजे डिग्रीवाल्यांना नोकरीची ऑफर हातात असताना मिळणाऱ्या परवान्यावर. 2026 साठी पगाराची अट वर्षाला 50,700 युरो आहे पण टंचाईच्या यादीतल्या कामांना, त्यात इंजिनियर आले, 45,934.20 युरो चालतात. तुझ्या अनुभवाला यापेक्षा जास्तच मिळायला हवं. ब्लू कार्डवर वहिनींना व्हिसासाठी जर्मनची परीक्षा द्यावी लागत नाही आणि इथे आल्यावर पहिल्या दिवसापासून कुठेही काम करायची मोकळीक असते. तू सरकारी हेल्थ इन्शुरन्समध्ये राहिलास तर जोवर वहिनींची कमाई नाही तोवर त्या दोघीही त्यातच येतात, वेगळे पैसे नाहीत. कोणी प्रायव्हेट इन्शुरन्स स्वस्त पडतो म्हणून गळ्यात घालायला आला तर कृपा करून घेऊ नकोस. आणि पर्मनंट रेसिडेन्सी 27 महिन्यांत मिळू शकते, जर्मन बी-वन केलंस तर 21 महिन्यांतच. अपॉर्च्युनिटी कार्डावर काढलेलं वर्ष या महिन्यांत धरत नाहीत, ते फुकट जातं.

काका-काकूंचं तू विचारलं नाहीस पण मला माहितीये तुझ्या डोक्यात तेच पहिलं आहे. मार्च 2024 नंतर ज्यांना ब्लू कार्ड किंवा स्किल्ड वर्करचा परवाना पहिल्यांदा मिळाला त्यांना आईवडिलांनाही आणता येतं, ही नवीन सोय आहे. अडचण इन्शुरन्सची, वयस्कर माणसाचा हेल्थ इन्शुरन्स इथे मिळणं अवघड आणि मिळाला तर महाग. त्यामुळे होईलच असं मी म्हणणार नाही, पण दार उघडं तरी राहतं.

आता तुझ्या स्वतःच्या कंपनीबद्दल. मुख्य ऑफिस जर्मनीत आहे, तर तुझा मॅनेजर आयसीटी कार्डवर पाठवू म्हणेल. ते म्हणजे कंपनीने तात्पुरतं पाठवणं, जास्तीत जास्त 3 वर्षं, आणि कागदोपत्री तू भारतातल्याच कंपनीचा राहतोस. इथला अनुभव हवा आणि परत जायचं असेल तर उत्तम आहे, फॅमिलीही आणता येते. पण तुम्हाला राहायला यायचंय. तेव्हा स्पष्ट विचार, इथलं लोकल कॉन्ट्रॅक्ट देता का? बरेच जण हे विचारतच नाहीत, एचआर देईल ते घेतात. लोकल कॉन्ट्रॅक्ट असेल तर त्यावर ब्लू कार्ड होतं. कंपनी तयार असेल तर तिने इथे फास्ट-ट्रॅकचा अर्ज करावा, 411 युरो फी आहे, मग व्हिसाची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांत मिळते.

आणि वहिनींसाठी हे खास. तुम्ही स्वतःला "डिपेंडंट" धरून चालू नका. नर्स इथे सगळीकडे हव्या आहेत, आणि सागरच्या क्षेत्रापेक्षा तुमचं क्षेत्र आत्ता जास्त भक्कम आहे हे मी अगदी खरं सांगतोय. रस्ता लांब आहे, जर्मन बी-टू पर्यंत करायचं, डिग्रीची मान्यता घ्यायची, त्यात बहुतेकांना काही महिन्यांचं अॅडॉप्टेशन ट्रेनिंग किंवा परीक्षा पडते. पण पुण्यात मॅक्सम्युलर भवनचा क्लास आजच लावलात तर सागरच्या कागदांची गडबड संपेपर्यंत तुमची निम्मी भाषा झालेली असेल. सागरची नोकरी डगमगली तरी घर तुमच्यावर उभं राहू शकतं, इतका तो रस्ता पक्का आहे. सागर, क्लासच्या वेळी ओवीला तू सांभाळायचंस.

कागदांत एकच गोष्ट आत्तापासून बघ, नावं. पासपोर्टवर वहिनींच्या नावात तुझं नाव मधे आहे का, मॅरेज सर्टिफिकेटवर माहेरचं आडनाव आहे का, ओवीच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव कसं लिहिलंय, आपल्याकडे हे तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी असतं आणि इथल्या ऑफिसात एका अक्षरावरून फाइल अडते. महापालिकेत दुरुस्ती करायला वेळ लागतो म्हणून ते आधी उरकून घे.

एजंटला या आठवड्यात काही देऊ नकोस. अनाबिनचं बघून मला कळव, सीव्ही पाठव, जर्मन पद्धतीने कसा मांडायचा ते मी करून देतो. आणि ऑफर आली की सही करायच्या आधी मला दाखव, पगाराचा वर्षाचा आकडा, कामाचं नाव तुझ्या डिग्रीशी जुळतंय का आणि नोटिस पिरियड, एवढं बघून एका दिवसात उत्तर देतो.

काका-काकूंना नमस्कार, ओवीला खूप पापे.

तुझा,
निखिल