फुटलेला कान आणि शाळेतली तपासणी

महोदय,

‘कान फुटलाय, पावसाळा संपला की थांबेल’ हे उत्तर ग्रामीण शाळेत शिकवलेल्या कुणालाही नवे नाही. सर्दीनंतर मुलाच्या मधल्या कानात पू साठतो, पडदा फाटतो आणि ठणका एकाएकी थांबतो. घरच्यांना वाटते मूल बरे झाले, प्रत्यक्षात काही मुलांत पडद्याचे छिद्र बुजत नाही आणि पुढे प्रत्येक सर्दीला किंवा आंघोळीचे पाणी गेले की कान पुन्हा वाहू लागतो. त्यात लसणीचे कोमट तेल सोडले की दुखण्यात भरच पडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे ३ कोटी ४० लाख मुलांना अपंगत्व आणणारा श्रवणदोष आहे, आणि बालवयातील सुमारे ६० टक्के श्रवणदोष टाळता येण्याजोग्या कारणांनी होतो. कान वाहण्याचे प्रमाण ज्या देशांत सर्वाधिक आहे, त्यांत याच संघटनेने २००४ मध्ये टांझानियाबरोबर भारताचेही नाव घेतले होते.

वर्गात हे मूल ओळखणे अवघड नसते. कानात कापसाचा बोळा असतो, वासामुळे शेजारचे मूल बाकावर सरकून बसते, आणि श्रुतलेखनात बाईंचा चेहरा समोर असेपर्यंत नीट लिहिणारा मुलगा त्या फळ्याकडे वळल्या की शब्द गाळू लागतो. प्रगतिपुस्तकात मात्र शेरा पडतो, ‘लक्ष देत नाही’.

२०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच पालघरमधून झाली. त्याच्या तपासणीत मधल्या कानाचा दाह आणि श्रवणदोष हे दोन्ही समाविष्ट आहेत. पण शाळेत पथक येते वर्षातून एकदा. त्या दिवशी कान कोरडा असला तर कान तपासण्याच्या दुर्बिणीतून पाहिल्याशिवाय पडद्याचे छिद्र दिसत नाही, आणि शेकडो मुले अर्ध्या दिवसात उरकायची असली की ही दुर्बीण पेटीतच राहते. (दात आणि वजन तेवढे न चुकता पाहिले जाते.)

साध्या वाहत्या कानावरचा पहिला उपचार महागडा नाही. स्वच्छ सुती कापडाची वात करून दिवसातून अनेकदा कान कोरडा करणे आणि डॉक्टरांनी दिलेले प्रतिजैविक थेंब सोडणे, एवढ्याने बहुतेक वेळा पू थांबतो. दुर्गंधी येत असेल किंवा कानामागे सूज असेल तर मात्र तज्ज्ञाकडे तातडीने न्यायलाच हवे, कारण संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचू शकतो.

तेव्हा आरोग्य विभागाने शालेय तपासणीच्या नोंदपत्रकात ‘पडदा पाहिला का’ असा स्वतंत्र रकाना घालावा, वर्षभरात कान वाहिलेल्या मुलांची यादी वर्गशिक्षकांकडून पथकाला आधीच मिळावी, आणि कानाचे थेंब प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात जूनपूर्वी पोहोचवावेत, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, जि. पालघर