ऑस्करच्या एका ओळीपलीकडची पाक्सिनू

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतील जागतिक चित्रपटांवरच्या लेखात ग्रीक अभिनेत्री कातिना पाक्सिनू यांचा उल्लेख ‘ऑस्करविजेती’ असा एका ओळीत आला आहे. माहिती खरी असली तरी ज्या बाईंचे खरे आयुष्य रंगमंचावर गेले, त्यांची ओळख एका चित्रपटातील दुय्यम भूमिकेवर उरकावी, हे नाटकवेड्या सोलापूरच्या वाचकाला खटकते.

१९०० साली पिरेअस या बंदराच्या गावी जन्मलेल्या पाक्सिनू मूळच्या गायिका. जिनिव्हात गायनाचे रीतसर शिक्षण घेऊन १९२० मध्ये ग्रीक संगीतकार दिमित्री मित्रोपुलोस यांच्या ऑपेरात त्यांनी प्रमुख भूमिका केली. गद्य नाटकाकडे त्या नंतर वळल्या. ‘कट्यार’मधली झरीना गाणाऱ्या आपल्या सोलापूरच्या फैयाज यांना ज्यांनी रंगमंचावर पाहिले आहे, त्यांना तयार गळ्याची नटी बोलू लागली की गद्यालाही कशी लय येते, हे निराळे सांगायला नको. पाक्सिनूंचे संगीताशी नाते पुढेही सुटले नाही. १९५२ मध्ये न्यूयॉर्कला गेलेल्या ‘ईडिपस’च्या प्रयोगाला संगीत त्यांचेच होते आणि त्यातली योकास्टा, म्हणजे ईडिपसची आई आणि राणी, हीही त्याच होत्या.

१९३२ मध्ये त्या अथेन्सच्या राष्ट्रीय नाट्यसंस्थेत दाखल झाल्या. त्यांच्या कारकिर्दीतला ज्यावर स्वतंत्र लेख व्हावा असा दिवस म्हणजे ११ सप्टेंबर १९३८. ग्रीसमधील एपिडॉरस येथील इसवीसनपूर्व चौथ्या शतकातल्या दगडी प्रेक्षागारात आधुनिक काळातला पहिला प्रयोग त्या दिवशी झाला. नाटक सोफोक्लीसचे ‘इलेक्ट्रा’, दिग्दर्शक दिमित्रिस रोंदिरिस आणि इलेक्ट्रा पाक्सिनू. पंचावन्न रांगा डोंगरउतारावर चढत गेलेल्या, वर उघडे आकाश आणि नटाजवळ आवाजाखेरीज दुसरे साधन नाही. या नाटकात भावाच्या अस्थी समजून इलेक्ट्रा एक कलश हातात घेते आणि त्याच्याशी बोलत राहते; तो भाऊ मात्र जिवंत असून तिच्या समोरच उभा असतो, हे प्रेक्षकांना ठाऊक असते. प्राचीन ग्रीसमध्ये या भूमिका पुरुषच करीत. पोलस नावाच्या नटाने याच प्रवेशात आपल्या मृत मुलाच्या अस्थींचा कलश हाती घेतला होता, अशी कथा रोमन लेखक ऑलस गेलियस याने नोंदवली आहे. बालगंधर्वांची परंपरा सांगणाऱ्या आपल्याला यात नवल वाटू नये. आपल्याकडेही ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेने १ जुलै १९३३ रोजी ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांना दिल्या, तेव्हा ती मोठीच घटना ठरली होती.

ऑस्करविषयी थोडक्यात. महायुद्धामुळे मायदेशापासून तुटलेल्या पाक्सिनूंनी हॉलिवूडमध्ये हेमिंग्वेच्या कादंबरीवरील चित्रपटात पिलार साकारली आणि मार्च १९४४ मध्ये त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. अथेन्स त्या वेळी जर्मनांच्या ताब्यात होते. हा पुरस्कार त्यांनी तिथल्या आपल्या सहकलाकारांच्या वतीने स्वीकारला. ते जिवंत आहेत की नाहीत, याचीही त्यांना खात्री नव्हती. कौतुकाच्या ऐन क्षणी ज्यांना आपली नाटकमंडळी आठवते, त्यांना चित्रपट-अभिनेत्री म्हणून मोकळे होणे मला तरी पटत नाही. पन्नाशीच्या दशकात त्या ग्रीसला परतल्या आणि पती व दिग्दर्शक अलेक्सिस मिनोतिस यांच्यासह पुन्हा राष्ट्रीय नाट्यसंस्थेत रुजू झाल्या. १९५५ मध्ये एपिडॉरसलाच त्यांनी ट्रॉयची राणी हेक्युबा उभी केली. १९६७ मध्ये लष्कराने सत्ता बळकावल्यानंतर या दांपत्याने संस्था सोडून स्वतःची मंडळी चालवली. २२ फेब्रुवारी १९७३ रोजी पाक्सिनूंचे निधन झाले.

चित्रपट पुन्हा पाहता येतो. नाटकाचा प्रयोग पडदा पडताच संपतो आणि मागे उरतात ते कागद, कपडे आणि पाहणाऱ्यांच्या आठवणी. अथेन्समध्ये पाक्सिनू आणि मिनोतिस यांच्या नावाचे संग्रहालय आहे. सोलापुरात मात्र हुतात्मा स्मृती मंदिरात राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग रंगतात, तालमींना चहा पुरवणाऱ्या पोऱ्यालासुद्धा संवाद पाठ होतात आणि पुढल्या वर्षी त्या नाटकात कोण होते, हे विचारले तर चौघांची चार उत्तरे मिळतात. त्यातही हौशी रंगभूमीवर काम केलेल्या स्त्रियांच्या नोंदी सर्वांत कमी आहेत. गिरणीच्या पाळीवरून थेट तालमीला येणाऱ्या नटांचे किस्से आपण चवीने सांगतो. घरचे आवरून, शेजारपाजारच्यांचे बोलणे ऐकून रात्री तालमीला उभ्या राहणाऱ्या बायकांविषयी मात्र आपल्याजवळ सांगण्यासारखे फारसे काही नाही.

म्हणून विनंती अशी की, पाक्सिनूंवर स्वतंत्र लेख छापावाच, शिवाय सोलापूरच्या जुन्या अभिनेत्रींवर एक सदर सुरू करावे आणि वाचकांना घरातली हँडबिले, प्रयोगांची छायाचित्रे व हस्तलिखित संहिता पाठवण्याचे आवाहन करावे. माझ्याकडे अशी काही हँडबिले आहेत. त्यांतल्या दोनांवर अभिनेत्रींची नावे शाईपेनाने मागाहून लिहिलेली आहेत, छापताना ती घातलीच नव्हती. ती कार्यालयात आणून देण्यास मी तयार आहे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
उत्तर कसबा, सोलापूर