आई, ती गोळी कशासाठी?

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

आई, फोनवर तू विचारलंस, "एवढ्या गोळ्यांत ही आणखी एक कशाला? मला काय वेड लागलंय?" तेव्हा नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

नैराश्य म्हणजे वेड नव्हे, आणि वय झालं की ते यायचंच असंही नाही. तुझी झोप उडाली होती, जेवणावरची वासना गेली होती, शब्दकोडं अर्धवट टाकून तू भिंतीकडे तोंड करून पडून राहायचीस. बाबांनी ते वेळीच हेरलं, म्हणून ही नैराश्यावरची गोळी, सर्ट्रालिन, सुरू झाली. गुण यायला ४ ते ६ आठवडे लागतात, उतारवयात कधी जास्तही. तेवढा धीर धर. मनानेच एकदम बंद केलीस तर चक्कर, मळमळ, बेचैनी होऊ शकते.

माझी काळजी वेगळी आहे. तुम्ही राहता तशा वृद्धांच्या निवासात गोळी सुरू होते चटकन, पण ती अजून हवी का, हे विचारायचं राहून जातं. तक्त्यावर नाव चढलं की ती वर्षानुवर्षं वाटीतून येत राहते. शिवाय ती सगळ्यांनाच लागू पडते असंही नाही. स्मृतिभ्रंशासोबत नैराश्य असलेल्या रुग्णांवरची एक मोठी चाचणी २०११ साली प्रसिद्ध झाली, तिच्यात सर्ट्रालिन औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरली नाही. तुला स्मृतिभ्रंश नाही, म्हणून मला आशा आहे. पण पारखून घ्यायलाच हवं.

बाबा, तुम्ही एक लक्ष ठेवा. या गोळीने रक्तातलं सोडियम उतरू शकतं, विशेषतः पहिल्या काही आठवड्यांत. आई बीपीसाठी लघवीची गोळी घेते, त्यामुळे धोका जास्त. ती असंबद्ध बोलू लागली, फार सुस्तावली, तोल जाऊ लागला, तर वयावर ढकलू नका, लगेच सिस्टरना सांगून रक्त तपासून घ्या. रात्री उठताना तिला आधी पलंगाच्या कडेला जरा बसू द्या. गुडघ्यासाठी ती मागून घेते ती दुखीची गोळीही डॉक्टरांच्या कानावर घाला. दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

आणि आई, गोळीवर सगळं सोडू नकोस. व्यायामाच्या तासाला जा, समुपदेशक बाईंशी बोल. मन मोकळं केल्याने खरंच फरक पडतो.

डॉक्टर आले की विचारा: ही गोळी कशासाठी, किती दिवस, पुन्हा आढावा कधी? उत्तर फाइलमध्ये लिहून घ्या आणि मला फोटो पाठवा.

तुमची लेक